नितळ आणि निर्मळ

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की नांदेडच्या घाटांवरून गढूळ पाणी वाहू लागते. पूर्वी गृहिणी असे पाणी घागरीत भरीत, फडक्याने गाळीत आणि त्यात तुरटी फिरवीत. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसे व वरचे पाणी नितळ दिसे. पण नितळ पाणी निर्मळ असतेच असे नाही. पाण्यात विरघळलेली घाण फडक्यातून सहज निसटते. तिच्यापैकी पुष्कळ घाण अडविणारा पहारेकरी म्हणजे काळा कोळसा!

नारळाच्या करवंटीचा कोळसा अतिशय तापलेल्या वाफेत भाजला, म्हणजे त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. त्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर अवघ्या एक ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग सुमारे 1000 चौरस मीटर भरेल! पाण्यातील किंवा हवेतील नकोसे द्रव्य या भिंतींना चिकटून राहते. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांना वाचविणाऱ्या मुखवट्यांत असाच कोळसा भरीत. त्यासाठी 1918 साली अमेरिकेतील मुलांनी पीच फळांच्या कठीण बिया गोळा करून दिल्या होत्या.

मात्र कोळशाची भुकटी मोकळी ठेवली, तर पाणी तिच्यातून सोपी वाट काढून तसेच निघून जाते. म्हणून पाणी शुद्ध करणाऱ्या पुष्कळ यंत्रांत ही भुकटी प्लॅस्टिकच्या बारीक पुडीत मिसळून, तापवून व दाबून तिची नळकांडी करतात. खरे कौशल्य येथेच आहे. प्लॅस्टिक कमी पडले, तर नळकांडे भुगते. अधिक झाले, तर छिद्रांची तोंडे बुजतात. मग कोळसा असून नसल्यासारखाच! कण धरून ठेवावे, पण झाकून टाकू नयेत, अशी ही कसरत आहे.

कोळशालाही मर्यादा आहेत. छिद्रे भरली, की त्याचे काम संपते व नळकांडे बदलावे लागते. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर मुलांचे दात डागाळतात व मोठ्यांची हाडे ताठरतात. तेथे साधा कोळसा फारसा उपयोगी पडत नाही. सक्रिय ॲल्युमिना हा दुसरा सच्छिद्र पदार्थ कामी येतो.

फ्लोराइडचे ते पाणीही पेल्यात नितळच दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. पाणी आधी तपासावे आणि मग त्याला साजेशी गाळणी निवडावी.