मधली बोली

मंगळवार, २२ एप्रिल २०२५
रात्री लावलेल्या सिम्युलेशनचा लॉग सकाळी उघडला. एकच असर्शन शेकडो वेळा फेल. अट साधी आहे: एका वेळी बसचा ताबा एकालाच मिळावा. असर्शन म्हणतं, ताबा देणाऱ्या दोन ग्रँट एकदम १ झाल्या. वेव्हफॉर्ममध्ये तसं कुठेच दिसत नाही. बाहेर उन्हाळ कांदा चाळीत भरणं चाललंय आणि मी दिवसभर त्या लाल ओळींपुढे.

बुधवार, २३ एप्रिल
एकाच क्षणातल्या डेल्टा सायकल उलगडल्या तेव्हा सापडलं. दोन ग्रँट दोन वेगळ्या ऑलवेज-कॉम्ब ब्लॉकमध्ये ठरतात आणि सिम्युलेटर ते एकामागून एक चालवतो. दुसरी १ झाली तेव्हा पहिली अजून ० व्हायची होती. सिम्युलेशनची वेळ तसूभरही पुढे सरकली नव्हती. पण साधं इमिजिएट असर्शन थांबत नाही, दिसेल त्या किमतीवर लगेच निकाल देतं.
सहकारी फोनवर म्हणाला, "ताई, बंद करून टाक ते असर्शन." नाही करणार. उद्या खरंच दोघांना ताबा मिळाला, तर सांगणारं तेच एक आहे.

गुरुवार, २४ एप्रिल
पहाटे दादांबरोबर विंचूरच्या उपबाजारात. आमच्या कांद्याच्या ट्रॉलीभोवती व्यापारी जमले. अकराशे, अकराशे तीस, अकराशे साठ... बाराशे दहावर बोली थांबली, मग पावतीवर भाव चढला. परतताना दादांना माझी अडचण सांगितली. म्हणाले, "बोली चालू असताना कोण पावती फाडतं? थांबल्यावर लिही की."
सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये नेमकी हीच सोय आहे. आयईईई १८०० मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत 'असर्ट हॅश झीरो' आलं. फेल झालं तरी ते लगेच ओरडत नाही, नोंद राखून ठेवतं. त्याच क्षणात ब्लॉक पुन्हा चालला, की जुनी नोंद पुसली जाते. टेस्टबेंचने त्याच क्षणात पुन्हा इनपुट हलवले, तर मात्र तेही फसू शकतं. म्हणून २०१२ मध्ये 'असर्ट फायनल' आलं. ते त्या क्षणाच्या अगदी शेवटी, काहीच बदलणं उरलेलं नसताना बोलतं. मी तेच लावलं.

शुक्रवार, २५ एप्रिल
लॉग स्वच्छ. तरी टीमसाठी दोन गोष्टी लिहून ठेवल्या. गेट-लेव्हल सिम्युलेशनमध्ये असा मधला चुकीचा बदल, म्हणजे ग्लिच, काही पिकोसेकंद खरोखर टिकतो. तिथे हा उपाय पुरत नाही. क्लॉकच्या कडेला, कडेच्या लगेच आधीच्या किमती घेऊन तपासणारं काँकरंट असर्शन लागतं. आणि क्लॉकच्या किंवा असिंक्रोनस रिसेटच्या वाटेवर दिसलेला ग्लिच खोटा म्हणून सोडायचा नाही. तिथे एका लुकलुकीने फ्लॉपची किंमत बदलते.
संध्याकाळी डिझाइनमध्ये मुद्दाम चूक घातली: दोन्ही ग्रँट १ वर बांधल्या. लॉगमध्ये लाल ओळ उमटली, हवी तीच, हवी तिथेच. चूक काढली, पुन्हा चालवलं आणि कोड जमा केला.