सतरा नंबरचा अर्ज

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेचे नाव सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापलेले असते. माझ्या दाखल्यावर त्या नावाच्या शेवटी 'रात्र प्रशाला' असे दोन शब्द आहेत. कुणी शाळा विचारली की मी नाव सांगतो आणि हे दोन शब्द गाळतो. त्याच संस्थेची दिवसाची शाळाही असल्यामुळे हे खोटे ठरत नाही. महाविद्यालयात मराठी शिकवू लागून मला वीस वर्षे झाली, आणि या वीस वर्षांत माझ्या विभागातल्या एकाही सहकाऱ्याला मी ते शब्द सांगितलेले नाहीत.

दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र रात्र कुठेच नसते. मंडळ एकच, प्रश्नपत्रिका एकच, शिक्काही एकच. सकाळी डबा घेऊन जाणारा मुलगा आणि दिवसभर काम करून संध्याकाळी साडेसहाला बाकावर येऊन बसणारा मुलगा यांना मार्चच्या परीक्षेत शेजारी बसवले जाते आणि नंतर सारखाच कागद दिला जातो. मंडळाची ही उदासीनता हा माझ्यावर झालेला एक मोठा उपकार आहे, हे मला फार उशिरा उमगले.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे संपाची आठवण अशी नाही. संपानंतरच्या घराची आहे. सातवी झाल्यावर मी परळच्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागलो. छापून आलेल्या फर्म्यांच्या घड्या घालायच्या, क्रम लावायचा आणि शिवणाऱ्याकडे द्यायच्या. पुस्तकांशी माझा पहिला संबंध हा असा, पृष्ठक्रमांकापुरता आला. वाचायला सवड नसे, पण घडी घालताना एखादे वाक्य डोळ्यांखालून जाई आणि पुढचा फर्मा दुसऱ्याच्या ढिगात असल्यामुळे ते तिथेच तुटे.

आठवी ते बारावी मी रात्री शिकलो. वर्गात चौदा वर्षांची मुले होती आणि मुलाबाळांचे बापही होते. हॉटेलात टेबल पुसणारे, कुरिअरवाले, एका इमारतीचा पहारेकरी. हा पहारेकरी शेवटचा तास अर्धा सोडून ड्यूटीवर जाई आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वहीतून उरलेला अर्धा उतरवून घेई. शिक्षकही दिवसाची शाळा आटोपून आलेले असत. आपण दमलो आहोत हे त्यांनी आमच्यापासून लपवले नाही, आणि आमची पेंगही मनावर घेतली नाही. गृहपाठ हा शब्द आमच्याकडे नव्हता. जे काही व्हायचे ते त्या तीन तासांत. (दिवसा अन्यत्र नोकरी करणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून कमी करण्याचा निर्णय २०१७ च्या मे महिन्यात शासनाने घेतला, तेव्हा पूर्णवेळ शिक्षकाचा हक्क वगैरे युक्तिवाद मला पटत होते, पण डोळ्यांसमोर येत होते ते खडू हातात घेऊन खुर्चीत बसूनच शिकवणारे आमचे मराठीचे गुरुजी.)

१९९८ मध्ये बी.ए.च्या प्रवेशासाठी खिडकीशी गेलो. कारकुनाने दाखला दोनदा वाचला आणि विचारले, "दिवसा यायला जमेल का?" आज वाटते, बिचाऱ्याने काळजीनेच विचारले असेल. मला तो अपमान वाटला. नावातले ते दोन शब्द मी तिथपासून गाळू लागलो.

हे सगळे सांगायचे कारण २०११ च्या जूनमधली एक दुपार. त्या वर्षी मी आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेश समितीत होतो. रांगेत पस्तिशीच्या एक बाई होत्या. घरी शिवणकाम करीत. दहावीनंतर लग्न झाले होते आणि मुलगी आता बारावीला होती. त्यांनी पुढे केलेला कागद नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाचा होता. बारावी न झालेल्या प्रौढांना पदवीच्या वर्गात येता यावे म्हणून त्या विद्यापीठाने काढलेली ही वाट. सहा महिने अभ्यास करायचा, परीक्षा द्यायची आणि प्रथम वर्षाला नाव घालायचे. अडचण एवढीच, की ती वाट त्याच विद्यापीठाच्या दारापर्यंत जाते. इतर विद्यापीठांच्या लेखी ती बारावी नव्हे.

"हे इथं चालत नाही, ताई," मी म्हणालो.

"मग कुठं चालतं?"

"मुक्त विद्यापीठात."

"ते माहीत आहे, सर. तिथं रविवारचं असतं. मला रोज वर्गात बसून शिकायचं आहे."

"नियम आहे," असे म्हणून मी कागद परत केला. त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातला, पिशवीची घडी घातली आणि त्या गेल्या. मागे बरीच रांग होती.

नियम चूक होता असे मी म्हणणार नाही. सहा महिन्यांच्या तयारीवर आलेला विद्यार्थी आणि दोन वर्षे अकरावी-बारावी केलेला विद्यार्थी यांच्यात फरक असतो. तो शिकवणाऱ्याला पहिल्या चाचणीतच दिसतो. शिवाय कुठल्या कुठल्या बनावट मंडळांची प्रमाणपत्रे घेऊन येणारे लोकही त्याच खिडकीशी येतात. कुणीतरी कागद नीट तपासायला हवेतच. माझी चूक निराळी आहे. त्या बाईंना मी सतरा नंबरच्या अर्जाविषयी सांगितले नाही.

आपल्या राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ म्हणजे शाळा-महाविद्यालयात नाव नसलेल्यांनी खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसण्याचा अर्ज. दहावी झालेल्या त्या बाईंनी तो त्या पावसाळ्यात भरला असता तर पुढच्या फेब्रुवारीत त्यांना बारावीला बसता आले असते आणि जूनमध्ये त्या माझ्यासमोर निर्वेध कागद घेऊन उभ्या राहू शकल्या असत्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावीही होती. हे मला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने दहावी सतरा नंबरवरच केली. तिचा अर्ज मी स्वतःच्या अक्षरात भरला होता. ते सांगायला दोन वाक्ये पुरली असती. ती मी का बोललो नाही, याचे एकच उत्तर मला सापडते. ती वाट मला इतकी ओळखीची आहे हे बाजूच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याच्या लक्षात येऊ नये, असे मला वाटले असावे. दिवसाच्या शाळेतून आलेला एखादा प्राध्यापक त्या बाईंशी कदाचित अधिक सैलपणे, अधिक माणुसकीने बोलला असता.

त्याच सत्रात मी तृतीय वर्षाला नारायण सुर्वे शिकवीत होतो. 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ चा. शाळेत शिपायाची नोकरी करता करता परीक्षा देऊन पुढे शिक्षक झालेला हा कवी. त्याच्यावरचा तास माझा चांगला होतो असे विद्यार्थी म्हणतात. अनुभव हेच विद्यापीठ, हे वाक्य उत्तरपत्रिकांत दरवर्षी येते आणि त्याला आम्ही गुण देतो. कवितेच्या शीर्षकात विद्यापीठ रस्त्यावर आलेले आम्हाला आवडते. रस्त्यावरचे माणूस विद्यापीठाच्या खिडकीशी आले की आम्ही बारा वर्षांचा हिशेब मागतो. जोतीरावांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ही तर आमची हमखास दोन गुणांची टीप. ती सांगतानासुद्धा माझ्या तोंडून माझ्या दाखल्याचा उल्लेख कधी आला नाही.

खाजगी विद्यार्थ्याला विद्यापीठीय मराठीत 'बहिःस्थ' असा एक भारदस्त शब्द आहे. बाहेर असलेला. संज्ञा म्हणून तो निर्दोष आहे, पण तिच्यात मध्यबिंदू कुणाचा, हे गृहीत धरलेले असते. गंमत अशी की हल्ली आतलेच बाहेर जाऊ लागले आहेत. 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरचे अभ्यासक्रम घरबसल्या करून त्यांची श्रेयांके पदवीत धरण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्राच्या वीस टक्क्यांपर्यंत दिली आणि २०२१ मध्ये ती चाळीस टक्क्यांवर नेली. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. आमच्या बैठकांत हे सारे लवचीकता या नावाने टाळ्या घेते. आत बसलेल्या विद्यार्थ्याने बाहेर जाऊन शिकणे ही लवचीकता, आणि बाहेरच्याने आत यायला बाहेरचाच कागद दाखवणे ही मात्र शंका. या दोन्ही गोष्टी एकाच समितीत, एकाच दुपारी मंजूर होताना मी पाहिल्या आहेत, आणि हातही वर केला आहे.

त्या बाईंचा पुढे पत्ता लागला नाही. अर्जच स्वीकारला नव्हता, त्यामुळे दप्तरी नाव नाही. काही वर्षांनी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रात रविवारच्या संपर्क सत्रांना शिकवायला जाऊ लागलो, तेव्हा पहिले काही रविवार मी हजेरीपटापेक्षा चेहरेच पाहत होतो. त्या तिथे नव्हत्या. असायला हव्या होत्या असेही नाही. त्यांना रविवार नकोच होता.

यंदाच्या जूनमध्ये मी पुन्हा प्रवेश समितीत आहे. खिडकीशेजारी एक कागद लावून घेतला आहे. त्यावर सतरा नंबरच्या अर्जाची माहिती आणि विचारणा कुणाकडे करायची ते लिहिले आहे. परवा आमच्या कारकुनाने एक दाखला माझ्यापुढे धरला. "सर, रात्रशाळा आहे. चालेल का?"

"चालेल. मीही रात्रशाळेतलाच आहे," मी म्हणालो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. बाहेर उभ्या मुलाने यातले काही ऐकले की नाही, कळले नाही. त्याला वेगळेच विचारायचे होते.

"सकाळची तुकडी मिळेल ना, सर? दोनला कामावर जायचं असतं."

सकाळच्या तुकडीत तीन जागा उरल्या होत्या.