अम्मींची डाळ आणि आमची गाळणी

दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या धाकट्यानं मोबाइल मागितला नाही, समुद्राच्या पाण्याचं मत्स्यालय मागितलं. आम्ही मियाँ-बीवी एकमेकांकडे बघत राहिलो. घरात गप्पी आणि गोल्डफिश होते. पण खारं पाणी, प्रवाळ हे प्रकरण वेगळंच. तरी शब्द दिला होता, म्हणून मुंबईहून तीन फुटी टाकी आणली. दुकानदारानं सोबत कॅनिस्टर फिल्टर दिला आणि म्हणाला, "बस, आता काही बघायला नको."

पंधरा दिवसांत तीन मासे गेले. शेवटचा क्लाउनफिश तळाशी आडवा पडून कल्ले हलवत होता, तेव्हा अम्मी म्हणाल्या, "बेजबान जीव आहे. आणला तुम्ही, तर हिसाबही तुम्हीच द्यायचा." अम्मींचं माहेर हर्णैचं. मेलेली मासळी त्यांनी उभ्या जन्मात ढिगानं पाहिलेली. पण ही मौत त्यांना वेगळी वाटली. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

मग मासे न आणता आम्ही आधी शिकायला बसलो.

पहिली चूक घाईची होती. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तिसऱ्याच दिवशी मासे सोडले होते!

दुसरी चूक त्या कॅनिस्टरची. त्यात गाळ अडकतो, पण पाण्याबाहेर जात नाही, तिथंच कुजतो. वरचेवर धुतला नाही तर नायट्रेट वाढत जातं. शिवाय आमच्या खेडमध्ये पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. पंप थांबला की बंद डब्यातला प्राणवायू संपतो आणि जीवाणूच मरू लागतात.

म्हणून आम्ही सम्प आणि प्रोटीन स्किमर घ्यायचं ठरवलं. स्किमर खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडतो. पाण्यातला सेंद्रिय मळ बुडबुड्यांना चिकटून वर येतो आणि फेस होऊन वाटीत जमतो. हे समजावून सांगताच अम्मी म्हणाल्या, "डाळ शिजताना फेस काढतो, तसंच ना?" अगदी तसंच! कुजण्याआधीच घाण बाहेर. टाकी सुमारे १८० लिटरची. स्किमर मात्र तिच्यापेक्षा मोठ्या टाकीसाठीचा घेतला.

सम्प म्हणजे खालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, लहान टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं, कापडी पिशवीतून आणि स्किमरमधून जातं आणि पंपानं परत वर चढतं. वीज गेली की वरचं काही पाणी खाली येतं, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. आम्ही मुद्दाम पंप बंद करून मोजलं. १४ लिटर पाणी खाली आलं. मोजलं नसतं, तर पहिल्याच रात्री हॉलभर पाणी झालं असतं.

खरी परीक्षा पुढे होती. एकानं समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' स्वस्तात देऊ केला. त्यात जीवाणू आधीच असतात, म्हणजे थांबायला नको. पण हा दगड म्हणजे प्रवाळाचा सांगाडा, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. धाकटा हिरमुसला. "सगळे घेतात," म्हणाला. त्याचे अब्बा म्हणाले, "घेऊ देत. आपल्या हॉलसाठी कोणाचं घर उखडायचं नाही." शेवटी सिरॅमिकचे दगड घेतले, सहा आठवडे वाट पाहिली आणि हॅचरीत वाढवलेले दोनच क्लाउनफिश आणले. प्रवाळाची हौस सोडली. मालवणच्या समुद्रात आहे, तिथं जाऊन बघू.

आता दर जुम्याच्या आदल्या दिवशी १८ लिटर पाणी बदलतो. आरओच्या पाण्यात सुमारे साडेसहाशे ग्रॅम सागरी मीठ विरघळवायचं, ही धाकट्याची जबाबदारी. आरओतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो.

यंदा जुलैत एका रात्री पाच तास वीज नव्हती. सगळ्यात स्वस्त वस्तू तेव्हा कामी आली, बॅटरीवरचा हवेचा पंप. धाकटा न सांगता उठला, पंप लावला आणि टॉर्च घेऊन टाकीपाशी बसला. फजरला अम्मी उठल्या, तेव्हा तो तिथंच भिंतीला टेकून झोपला होता. दोन्ही मासे पोहत होते. अम्मींनी टॉर्च विझवली आणि त्याच्या अंगावर चादर टाकली.

कोणाच्या मुलानं अशी टाकी मागितलीच, तर आम्ही एवढंच सांगू: मासे सगळ्यात शेवटी आणा.