रिकामं आलं तर?

टूल काय करतं, हे मला एका वाक्यात सांगता येत होतं. मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्काय या समाजमाध्यमांवरच्या पोस्टचा पत्ता द्यायचा. ते त्यातली लेखाची लिंक शोधतं आणि मथळा, दोन ओळींचा गोषवारा आणि चित्र आणून देतं. माझी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर गेलेली, त्यामुळे मथळा, इंट्रो, फोटो हे सगळं ओळखीचं. टूल लिहिणारी मुलगी माझ्या लेकीची मैत्रीण. "काका, कोड माझा, डॉक्युमेंटेशन तुमचं," म्हणाली. मला वाटलं, पानभर मजकूर, दुपारचा चहा होईपर्यंत संपेल.

पहिल्याच ओळीला अडलो. हा मथळा येतो कुठून? मला वाटायचं, टूल लेख वाचून तो उचलत असेल. तसं नाही. पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. २०१० मध्ये फेसबुकने त्यांची रीत घालून दिली, तिला ओपन ग्राफ म्हणतात. शीर्षक, वर्णन, चित्र असं सगळं तिथे वेगळं लिहिलेलं असतं. पोस्टमध्ये लिंकखाली दिसणारी चौकट, म्हणजे कार्ड, त्यावरूनच बनतं.

"म्हणजे लेखावरचा मथळा एक आणि कार्डावरचा दुसरा असू शकतो?"

"असतोच की, काका."

लेख न उघडता नुसतं कार्ड पाहून पुढे जाणारे कितीतरी, आणि तरी कार्डावरचा मजकूर बऱ्याच ठिकाणी कुणी संपादित करत नाही. लेखाची पहिली वाक्यं आपोआप कापून तिथे चिकटवतात. त्यामुळे गोषवाऱ्यात आधी डेटलाइन येते, मग प्रतिनिधीची ओळ, आणि बातमी सुरू होते न होते तोच तीन टिंबं.

खरा गोंधळ पुढे होता. मॅस्टोडॉनमध्ये पोस्ट ज्या ज्या सर्व्हरवर पोचते, तो प्रत्येक सर्व्हर आपापला त्या पानावर जाऊन कार्ड बनवतो. लोकप्रिय माणसाने एखाद्या लहानशा संकेतस्थळाची लिंक टाकली की शेकडो सर्व्हर एकदमच त्याच्या दारात. ही झुंबड टळावी म्हणून मॅस्टोडॉनचा सर्व्हर मिनिटाच्या आत कितीही सेकंद मुद्दाम थांबून मग जातो. ब्लूस्कायचं उलटं. तिथे कार्ड पोस्ट टाकणाऱ्याचं ॲप बनवतं आणि ते पोस्टमध्येच साठवलं जातं. वृत्तपत्राने दुपारी मथळा दुरुस्त केला तरी कार्डावर सकाळचाच राहतो. शिवाय स्वतःचा प्रोग्रॅम लिहू शकणारा माणूस त्या जागी हवा तो मथळा घालू शकतो.

मग आपलं टूल आणतं ते नक्की कुणाचं म्हणणं? पोस्ट टाकणाऱ्याचं, सर्व्हरचं की वृत्तपत्राचं?

"आधी पोस्टमधलं कार्ड बघतं. नसेल तर पानावर जातं."

"हे लिहिलंय कुठे?"

"कोडमध्ये."

वापरणाऱ्यांना कोड वाचता आला असता तर तिने मला कशाला बोलावलं असतं! शेवटी तिने उत्तरात एक रकाना वाढवला: मजकूर पोस्टमधून आला की पानावरून. त्या रकान्याचं स्पष्टीकरण लिहायला मला दोन ओळी पुरल्या. तो नसता, तर पानभर सबबी लिहाव्या लागल्या असत्या.

मराठी लिंकांनी वेगळाच इंगा दाखवला. पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. एकट्या 'म'ची नऊ चिन्हं होतात. 'महाराष्ट्र' हा शब्द नव्वद चिन्हांचा. उदाहरणाचा तक्ता पानाबाहेर गेला. गोषवारा ठराविक लांबीला कापताना जोडाक्षर मधेच तुटायचं आणि शेवटी पाय मोडलेला 'क्' लोंबत राहायचा. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिची सगळी चाचणी इंग्रजी बातम्यांवर झालेली.

सगळ्यात लांबलेला भाग मात्र 'रिकामं आलं तर' हा. पान काढून टाकलेलं असतं, म्हणजे ४०४. पान असतं पण यंत्राला आत घेत नाही, म्हणजे ४०३. कधी सदस्यत्वाची भिंत आडवी येते. कधी पानाचा मजकूर ब्राउझरमध्ये उघडल्यावरच तयार होतो आणि टूलच्या हाती नुसता सांगाडा लागतो. टूल या सगळ्यांना एकच उत्तर देत होतं: काहीच नाही. लेख मेला आहे की दार बंद आहे, हे वाचणाऱ्याला कळायला नको? त्याहून वाईट म्हणजे कधीकधी रिकामं न येता 'जस्ट अ मोमेंट' असा मथळा येतो. तो लेखाचा नसतो, यंत्रांना अडवणाऱ्या पहारेकरी पानाचा असतो. टूल तो निमूटपणे आणून देतं, गोषवाऱ्यासकट.

सुरुवातीला तिने लिहिलं होतं, 'कोणत्याही पोस्टमधून लेखाचा प्रिव्ह्यू मिळवा.' मी 'कोणत्याही' कापलं. ती अर्धा दिवस रुसली, मग तिने स्वतःच कुठल्या पोस्ट चालत नाहीत त्याची यादी जोडली. आता वाद उरलाय चित्रांचा. टूल फोटोची प्रत उतरवून ठेवतं, आणि फोटो तर छायाचित्रकाराचा किंवा वृत्तपत्राचा. मी म्हणतो, पहिल्याच परिच्छेदात हे सांग. ती म्हणते, पहिल्या परिच्छेदात असलं काही वाचलं तर टूल कोण वापरेल, काका?