पडक्या मनोऱ्यातली घंटा

पडके किल्ले बघायची आणि त्यांचे फोटो काढायची मला भारी हौस. मैत्रिणी विचारतात, "त्या मोडक्या भिंतींत काय ठेवलंय गं?" खरं सांगू? छप्पर नसतं म्हणून तिथे उजेड असतो. सकाळी आठच्या सुमाराला कमानीतून तिरपं ऊन आत येतं, तेव्हा साध्या मोबाईलवरसुद्धा सुरेख फोटो निघतो.

इंग्रजीच्या तासाला आपण 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'बद्दल ऐकतो. होरेस वॉलपोलच्या या १७६४ सालच्या कादंबरीपासून जुना किल्ला म्हणजे शाप, भुतं आणि तळघर, असं समीकरणच झालं. मराठीत तसं नाही. गो. नी. दांडेकरांचं 'दुर्गभ्रमणगाथा' वाचलेला माणूस गडावर घाबरायला जात नाही. पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो. मला दोन्ही आवडतं. पण माझं आजोळ वसईचं, आणि वसईचा किल्ला या दोन्हींत नीट बसत नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तटाच्या आत चर्च, मठ, कॉलेज असं अख्खं शहर वसवलं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ते जिंकलं. शाळेत हा धडा वाचताना माझी छाती अभिमानाने फुगायची. रविवारी मिस्सेला बसले की मात्र आठवायचं, त्या ओस चर्चमध्ये गुडघे टेकणारे आपल्याच धर्माचे होते. मग जिंकलं कोण? आम्ही. आणि हरलं कोण? तेही आम्हीच?

कॅमेऱ्याला हा प्रश्न पडत नाही, म्हणून कदाचित मला तो हातात बरा वाटतो. फ्रेम जरा सरकवली की पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर कोरलेली नावं, प्री-वेडिंगवाल्यांचा लांबलचक गाऊन, सगळं बाहेर. उरतं आकाश, दगड आणि भिंतीत शिरलेली झाडाची मुळं. किती निर्जन! पण किल्ल्यातून रस्ता जातो, जवळच कोळ्यांची वस्ती आहे. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला तिथल्या जुन्या जेझुइट चर्चमध्ये माणसं जमतात. फोटोतली निर्जनता आपण काढलेली असते.

मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती मनोऱ्यातल्या घंटेच्या रिकाम्या जागेची. वसईच्या विजयानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांबरोबर देशावर गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांतलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारियामाता आहे. खाली कृष्णा वाहतेय, शेजारी महादेवाचं देऊळ. मी तिथे बराच वेळ नुसती उभी राहिले, मग फोटो काढला.

आजीला तो दाखवला. तिने चष्मा लावला, मारियामातेवर बोट ठेवलं आणि खुणेचा क्रूस केला. मला वाटलं, आता हळहळेल. तिने एवढंच विचारलं, "लोक वाजवतात ना अजून?"

"वाजवतात की."

"मग झालं तर."

तिच्याइतकं सहज 'झालं तर' मला अजून म्हणता येत नाही. पण आता मी फ्रेम सरकवताना थांबते. बकऱ्या चारणारा काका, गाऊन सावरणारी नवरी, दोघंही राहू देते.

आपल्या गोव्यातही असंच आहे. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीनच्या अर्ध्या उरलेल्या मनोऱ्यापुढे आपण सगळेच फोटो काढतो. त्या मठाची मोठी घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये आली आणि ती अजून तिथेच आहे. पुढच्या वेळी मनोऱ्याचा फोटो काढलात, तर येताना पणजीत उतरा आणि तीही ऐका.