सज्ञान मुलाची आई

लंडनचं घरभाडं परवडत नाही म्हणून शिक्षण संपल्यावर पुन्हा आईवडिलांकडे राहायला आलेली पंचविशीतली मुलं हॅरो-वेम्ब्लीच्या मराठी घरांतही आहेत. त्यातला एखादा हळूहळू माणसं टाळू लागतो, फोन वाजला तरी त्याच्या छातीत धडधडतं. घाबरलेली आई जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावते. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय काही सांगता येणार नाही, असं उत्तर मिळतं.

आईला ते लागतं. लागणारच! पण डॉक्टरांना सांगायची मुभा नसली, तरी ऐकून घ्यायला बंदी नाही. त्याची झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे, हे ती कळवू शकते. मात्र आपलं बोलणं मुलापासून लपून राहील अशी हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून त्याला सांगूनच फोन केलेला बरा.

इंग्लंडमध्ये नैराश्य आणि चिंताविकारांवर एनएचएस या सरकारी आरोग्ययंत्रणेची मोफत मानसोपचार सेवा २००८पासून आहे. २०२३मध्ये या सेवेचं नाव ‘टॉकिंग थेरपीज’ झालं. जीपीच्या चिठ्ठीशिवाय, स्वतः अर्ज करूनही त्यात जाता येतं. अर्ज मुलानंच करायचा. आईनं फार तर शेजारी बसावं.

खरी कसोटी उपचार सुरू झाल्यावर लागते, आणि ती घरात. लोकांसमोर जायची भीती असेल तर सीबीटी या विचार-वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत भीतीची पायरी-पायरीनं सवय करायला लावतात. या आठवड्यात केस कापायची वेळ स्वतः फोन करून ठरवायची, पुढच्या आठवड्यात दुकानात जाऊन वस्तू परत करायची. मुलगा फोन हातात धरून घामाघूम होतो आणि आईच्या तोंडून निघून जातं, ‘दे इकडे, मी बोलते.’ त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटतं. पण टाळलं की बरं वाटतं, हेच त्याचं मन पुन्हा शिकतं. मायेनं केलेली ही मदत आजाराच्याच पथ्यावर पडते. आपल्याकडे मुलाचं सगळं करणं म्हणजेच प्रेम, त्यामुळे हात आवरणं मराठी आईला फार जड जातं.

उपचारांच्या भेटीनंतर ‘आज काय बोललात?’ हेही विचारू नये. ‘लगेच जेवतोस, की थोडा वेळ एकटा बसतोस?’ एवढं पुरे. पुण्याच्या आजीला काय सांगायचं, तेही त्यालाच ठरवू द्यावं.

पण जीव नकोसा झाल्याचं तो बोलला, तर पुढच्या भेटीची वाट बघत बसू नये. १११ला फोन करून २ दाबलं की मानसिक आरोग्याची तातडीची मदत मिळते. जिवाला धोकाच असेल तर ९९९.