तेरची पांढरी

देशावरच्या शेतकऱ्याने साऱ्या भूमीची वाटणी दोन शब्दांत करून टाकलेली आहे. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती पांढरी. काळीवर नांगर चालावा आणि पांढरीवर तो कधीही चालू नये, हा जुना संकेत आहे. म्हणूनच गावावर गाढवाचा नांगर फिरविणे ही त्या गावाची शेवटची विटंबना समजली जाई. पांढरीला तिचा रंग निसर्गाने दिलेला नसतो. जेथे माणसे शेकडो वर्षे नांदली, तेथे चुलींची राख, खचलेल्या भिंतींची माती, शेण, भुसा आणि हाडे यांचे थरांवर थर बसतात व त्यांतून ती भुरी, मऊ माती तयार होते. काळी ही सृष्टीची आणि पांढरी ही माणसाची, असे म्हटले तरी चालेल. हे दोन्ही शब्द मी बाळपणापासून ऐकत आलो आहे. परंतु त्यांच्यामध्ये एक जुना व्यवहार चालत आला आहे, आणि त्या व्यवहारात एक नगरच्या नगर खर्ची पडू शकते, हे मी तेर येथे पाहिले.

धाराशिवच्या ईशान्येस तेरणेच्या काठी हे गाव वसले आहे. वाटेवर दुतर्फा ज्वारी, तूर, हरभरा, मधूनच ऊस. गावात शिरताच एस.टी.चा थांबा, चहाची दुकाने, बीबियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या पाट्या. मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या खेड्याहून निराळे असे प्रथम काही दिसत नाही. मग हळूहळू गावाचे चढउतार लक्षात येऊ लागतात. सपाट मुलखात हे उंचवटे कोठून आले, असा प्रश्न मनात उभा राहतो आणि उत्तर पायाखालीच सापडते. पावसाने धुतलेल्या उतारावर खापऱ्यांचा सडा पडलेला असतो. हे उंचवटे म्हणजेच प्राचीन नगर.

ते नगर लहानसहान नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेविली. तीत भडोच बंदरात माल पाठविणारी दक्षिणेतील दोन मोठी स्थळे तो सांगतो. एक पैठण आणि दुसरे, पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे, तगर. तगराहून पुष्कळसे जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भडोचला येते, असे तो लिहितो. पुढे तगराचा व्यापार मावळला, तरी त्याच्या नावाचा दबदबा टिकून राहिला. कोकणातले आणि कोल्हापूरकडचे शिलाहार राजे कित्येक शतकांनंतरही स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. हे तगर कोणते, याविषयी विद्वानांनी बरीच वाट चोखाळली. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ साली फ्लीटने तगर म्हणजे तेर हे सिद्ध केले. ज्या नावाची बिरुदे राजांनी मिरविली, ते नाव तेरणेकाठच्या शेतकऱ्यांच्या जिभेवर दोन अक्षरांचे होऊन शिल्लक राहिले होते.

तेरमध्ये हिंडताना मनावर सर्वांत अधिक ठसते ती मातीची सत्ता. वेरूळ-अजिंठ्यास खडक बोलतो. येथे भाजलेली माती बोलते. त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे आहे. त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीप्रमाणे वर्तुळाकार वळलेला आहे, आणि त्यावरून ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे अनेक अभ्यासक मानतात. आज त्यात त्रिविक्रम पाऊल उचलून उभा आहे. उत्तरेश्वराचे देऊळही विटांचेच. आणि या गावाचा संत कोण? तोही कुंभार. गोरोबाकाकांची समाधी येथे तेरणेच्या काठी आहे व चैत्रात तिच्यापाशी यात्रा भरते. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविता तुडविता पोटचे मूल पायाखाली गेले, ही कथा ज्या गावाने जपली, त्या गावास माती ही केवढी गंभीर वस्तू वाटत असेल! संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडके पक्के की कच्चे हे पारखले, आणि नामदेवास कच्चे ठरविले, अशी आख्यायिका आहे. पारख करण्याचा अधिकार कुंभाराचा, कारण भाजलेले काय टिकते हे त्याला ठाऊक असते.

ही पारख पुढे तेरमधल्याच एका गृहस्थांनी निराळ्या रीतीने केली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू वेचून, मागून, सांभाळून ठेविल्या. आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या पाहावयास मिळतात. शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल, पांढऱ्या केओलिन मातीच्या नाजूक स्त्रीमूर्ती. येथे सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेई नगरात १९३८ साली मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली एका दिवसात गाडले गेले; तेर आपल्याच चुलींच्या राखेखाली शतकानुशतके सावकाश गाडले गेले.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर एका उंचवट्याच्या कडेला म्हातारे शेतकरी भेटले. उंचवट्याची एक बाजू भिंतीसारखी उभी कापलेली दिसत होती. मी विचारले, “काका, ही माती कोणी नेली?”

“आमीच की. आमच्या तरणेपणी गाड्याच्या गाड्या रानात नेऊन टाकल्या. पांढरीचं खत लई जोरकस. माळवदावर टाकायलाही हीच.”

“पण त्यात जुन्या वस्तू निघत असतील?”

“निघायच्या. मणी पोरं घ्यायची, बाकी जायचं मातीसंगं.” मग क्षणभर थांबून ते म्हणाले, “साहेब, रानानं दिल्यालं खाऊनच ही पांढरी झाली. पुन्हा रानालाच घातली, तर बिघडलं कुठं?”

या प्रश्नास मी तेथे उत्तर दिले नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. राख, भुसा, शेण ही काळीचीच ठेव. ती तिला परत गेली. दुष्काळ ज्यांच्या उंबऱ्याशी कायम बसलेला, त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या भांडारापेक्षा यंदाचे कणीस मोलाचे वाटावे, यात दोष कसला? शहरात पोटभर जेवून इतिहासाच्या नाशाबद्दल हळहळणाऱ्याने तो दोष देऊही नये.

तरीपण हिशेबात एक रक्कम राहून जाते. मणी काळीतून उगवलेला नसतो. तो कोणा कारागिराच्या बोटांतून आलेला असतो, आणि कोणत्या थरात, कशाशेजारी तो पडला होता, एवढीच त्या कारागिराची साक्ष असते. थर गाडीत भरला की मणी राहतो, साक्ष जाते. पीक दरवर्षी नवे येईल. पांढरीचा थर मात्र एकदाच साठतो. त्या तगरात कापड विणणाऱ्यांचे एकही नाव आपणांस ठाऊक नाही. ज्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत, त्यांचा सारा इतिहास या भुऱ्या मातीतच आहे, आणि त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचे पूर्वज बहुधा त्यांच्यातच असतील. राजांची आठवण ताम्रपटांनी राखली. कोष्ट्याची, कुंभाराची आणि कुणब्याची आठवण राखण्यास पांढरीवाचून दुसरे कोण आहे?